बावीस माणसांची मंडळी आणि यशाचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यात सहा वर्षांपासून सेवा करणारे एक तरुण पास्टर विचारतात: "रविवारी उपासनेला बावीस माणसं येतात, दिवाळीनंतर सात-आठच उरतात. सेमिनरीतला माझा मित्र पुण्यात चारशे लोकांच्या मंडळीचा पाळक आहे. मदत पाठवणारी संस्था दर तीन महिन्यांनी बाप्तिस्म्यांचा आकडा मागते. मी अपयशी ठरलो का? आणि इथंच राहणं म्हणजे विश्वासूपण की नुसता हट्ट? अहवालात काय लिहू?"

बंधू, सलाम. तेहतीस वर्षं पाळकाचं काम करून मी निवृत्त झालो. सुरुवातीची वर्षं जालन्याकडच्या खेड्यांत गेली, नंतरची बीडकडे, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं सगळं ओळखीचं आहे. तरी तुमचं लिखाण मी दोनदा वाचलं, कारण त्यात काहीतरी खटकत होतं आणि ते काय ते लवकर सापडेना. मग लक्षात आलं. बावीस, सात-आठ, चारशे, सहा वर्षं, तीन महिने, सगळे आकडे आहेत. पण त्या बावीसमधलं एकही माणूस मला दिसलं नाही. कोण म्हातारं आहे, कोणाचा नवरा पितो, कोणतं पोर दहावीला आहे, काहीच नाही. हे मी टोचून बोलत नाही. मीही अनेक वर्षं असाच लिहीत होतो, आणि त्याची किंमत मोजली. ते पुढे सांगतो.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते बाजूला काढू. तुम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्टसारख्या जुन्या मंडळीत असाल तर बदली होते, पगार ठरलेला असतो, राहावं की जावं हे फार वेळा आपल्या हातात नसतं. पण तुमच्या प्रश्नावरून दिसतं की तुम्ही स्वतंत्र काम करता आणि संस्थेच्या मदतीवर घर चालतं. मग हा प्रश्न निम्मा आत्मिक आणि निम्मा किराणा दुकानाच्या उधारीचा आहे. तब्येत कशी आहे, मुलांच्या शाळेचं काय, वहिनींच्या मनात काय आहे, हे मला ठाऊक नाही. वहिनींना विचारलंत का? बायको गप्प आहे म्हणजे राजी आहे, असं मी चौदा वर्षं समजत होतो. तसं नव्हतं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो. वर्षाचं धान्य, पैसे, कपडे बोलून घेतात आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो त्या शेतात राबतो. मालक त्याला काय विचारतो? पेरणी वापशावर केलीस का? रात्री दोनला लाईट आली तेव्हा उठून मोटार चालू केलीस का? बैलाला वेळेवर पाणी दाखवलंस का? पाऊस का पडला नाही, हे कोणताही शहाणा मालक सालगड्याला विचारत नाही. २०१२ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःच्या हातानं कुऱ्हाड लावली. त्या शेतकऱ्यांना कोणी आळशी म्हटलं नाही.

बायबलात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हेच म्हणतो: कारभारी म्हटला की तो विश्वासू असला पाहिजे. हे वचन आपण सगळे पाठ म्हणतो आणि तिथंच थांबतो. पुढच्याच ओळीत तो म्हणतो की तुम्ही माझा न्याय करा किंवा माणसांचं कोणतं न्यायासन करो, मला त्याचं फारसं काही नाही. मी स्वतःसुद्धा स्वतःचा न्याय करत नाही. हे शेवटचं वाक्य मला चाळिशीनंतर कळलं. संस्थेचा अहवाल, मित्राचे चारशे, हे बाहेरचे न्यायाधीश. पण रात्री पडल्या पडल्या "मी अपयशी" असा निकाल देणारा न्यायाधीश आपण स्वतःच असतो, आणि तोही बसू नये त्या खुर्चीवर बसलेला असतो.

पण थांबा. इथं आपल्यासारख्या लहान मंडळीच्या पाळकांना एक पळवाट सापडते आणि मी ती पुष्कळ वापरलेली आहे. "संख्या देवाच्या हाती, आपण विश्वासू राहायचं." हे म्हणत म्हणत माणूस तीन-तीन महिने कोणाच्या घरी जात नाही, जुनाच उपदेश काढून वाचतो आणि दुपारी झोपतो. तालंतांच्या दाखल्यात मालक तीन दासांकडे पैसा सोपवून परदेशी जातो; त्यातल्या तिसऱ्या दासाकडे बघा. त्यानं पैसा उधळला नाही, चोरला नाही, मालकाचं होतं तेवढं जमिनीतून उकरून परत केलं. हिशोबनिसाच्या नजरेनं तोटा शून्य. मालकानं त्याला दुष्ट आणि आळशी म्हटलं. म्हणजे सांभाळून ठेवणं आणि विश्वासू असणं, हे एक नव्हे. सालगड्यानं बी कणगीतच जपून ठेवलं तर पावसाचं नाव सांगून त्याला सुटता येत नाही.

म्हणून तुम्ही हट्टी आहात की विश्वासू, हे मला इथून सांगता येणार नाही. पण गेल्या तीन महिन्यांत तुम्ही कोणाकोणाच्या घरी जेवलात, हे एका कागदावर लिहा. तुमचं तुम्हालाच कळेल.

आता माझी गोष्ट. माझ्या पहिल्या ठिकाणी रविवारी एकशे ऐंशी माणसं असायची. मंडळीला जोडून मुलांचं वसतिगृह होतं, बाहेरून पैसा यायचा, नाताळाला साड्या-ब्लँकेट वाटली जायची. माझं नाव झालं होतं. शिबिरांत मला "वाढती मंडळी" या विषयावर बोलायला बोलवायचे आणि मी बोलायचो! एका वर्षी बाप्तिस्मे कमी झाले. पैसा पाठवणाऱ्यांकडून दोनदा विचारणा झाली. मी शेजारच्या वस्तीवरचे अकरा बाप्तिस्मे, जे दुसऱ्या सेवकानं दिले होते आणि त्याच्या अहवालात गेले होते, ते माझ्याही अहवालात लिहिले. कोणाला कळलं नाही. त्या वर्षी कौतुकाचं पत्र आलं. ते पत्र मी बायकोला दाखवलं नाही, यावरून काय ते समजा.

दोन वर्षांनी मदत बंद झाली. वसतिगृह मिटलं. सहा महिन्यांत एकशे ऐंशीचे अडतीस झाले. मी लोकांवर चिडलो, भाकरीसाठी आलेले लोक म्हणालो. आज वाटतं, ते चुकले नव्हते. भुकेलेला माणूस भाकरीकडे जाणारच, आणि येशूनंही आधी भाकरी वाढली होती. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार जेवतात आणि त्याच अध्यायाच्या शेवटी पुष्कळ शिष्य परत फिरतात. चूक माझी होती, मी जेवणाच्या पंगतीची मोजणी मंडळी म्हणून लिहीत होतो. आणि खरं दुःख वेगळंच आहे: गेलेल्या एकशे बेचाळीसपैकी तीस-चाळीस जणांचीच नावं मला आठवली. बाकीच्यांचा मी पाळक होतो म्हणे.

बीडकडे आलो तेव्हा तुमच्यासारखीच स्थिती. पावसाळ्यात साठ, आणि दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. हे बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं, शेरडं, भांडी ट्रकमध्ये टाकून सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकाकडं जायचं ते हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परत. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने मंडळीच उठून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. आणि अहवालाचा फॉर्म बनवणारा माणूस शहरात बसून विचारतो, "चौथ्या तिमाहीत उपस्थिती का घटली?" पहिली दोन वर्षं मी रिकाम्या चटयांकडे बघत उपदेश केला आणि स्वतःची कीव केली. तिसऱ्या वर्षी एका आजीनं निघताना सहज विचारलं, "पास्टर, तुमी नाही का येत तिकडं?" मला वाटलं चेष्टा करायलीय. ती खरंच विचारत होती.

त्या जानेवारीत गेलो. दोन एसट्या बदलून, पुढं चार किलोमीटर चालत. फडाच्या कडेला कोप्या होत्या, बांबूवर चटया आणि प्लॅस्टिक टाकलेल्या. माणसं पहाटेपासून तोडत होती. संध्याकाळी मोळ्या गाडीत भरून झाल्या, बायकांनी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मीठ-मिरची आणली, चुली पेटल्या. जेवणं होईस्तोवर नऊ वाजून गेले. मग सगळे माझ्यापुढं बसले. मी स्तोत्र १२१ काढलं. तुझा रक्षक झोपी जाणार नाही, या ओळीपर्यंत आलो तेव्हा समोरचे निम्मे झोपले होते. मी पुस्तक मिटायला लागलो तर तीच आजी म्हणाली, "मिटू नका. आमी झोपलो तरी वाचा. कानावर पडू द्या."

मी वाचत राहिलो. त्या रात्री उपस्थिती किती लिहायची? जागे सात, झोपलेले दहा-बारा, एक कुत्रं. तेव्हापासून दर हंगामात दोन फेऱ्या मारल्या. कधी नुसतं बाळंतिणीला दवाखान्यात नेलं आणि वचन उघडलंही नाही. यातून मंडळी फुगली असं समजू नका. मी तिथून निघालो तेव्हा पावसाळ्यातली उपस्थिती सत्तरच्या आसपास होती. दहा वर्षांत दहा माणसं. पण त्या सत्तर जणांची नावं, त्यांच्या टोळीचं गाव, पोरांच्या शाळा, कोणावर किती उचल आहे, हे सगळं माझ्या एका वहीत होतं. ती वही अजून आहे.

जुन्या सेवकांचे दाखले आपण देतो तेव्हाही जरा जपून द्यावेत. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरले. तेरा वर्षं मराठीतून बोलले, शाळा काढल्या, भाषांतर केलं आणि १८२६ मध्ये प्रवासात पटकीनं गेले. बाप्तिस्म्यांचा रकाना जवळजवळ कोराच. यावर आपले प्रचारक लगेच म्हणतात, पण त्याच वर्षी मराठी नवा करार छापून निघाला, पुढं मिशन वाढलं, बघा, फळ उशिरा आलं! मला हे सांगणं पटत नाही. हाही आकडाच, फक्त उधारीवर लिहिलेला. पुढं काहीच उगवलं नसतं तर हॉल यांची तेरा वर्षं वाया गेली असती का? मी नाही म्हणतो, आणि तुम्हीही नाही म्हणत असाल तर तुमच्या सहा वर्षांनाही तोच न्याय लावा.

आपल्या जालन्याचे नारायण शेषाद्री घ्या. ब्राह्मण घरातला तरुण, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्या वाटेनं निघाला होता. मामला कोर्टात गेला, वय लहान म्हणून मुलगा वडिलांकडे परत दिला गेला आणि त्याला जातीत परत घेण्यावरून मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. मिशनच्या हिशोबात हा पराभव होता. शेषाद्री पुढं निजामाच्या मुलखात जालन्याला आले, मांग-महारांच्या वस्त्यांत राबले, बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. मला त्यांच्या आयुष्यात बेथेलपेक्षा मधली वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. भावाला आपण वाटेवर आणू शकलो नाही, हे मनात ठेवून हा माणूस रोज सकाळी उठून कामाला लागत असेल. त्या सकाळी कुठल्या अहवालात येतात?

तुमच्या पुण्यातल्या मित्राबद्दल एक सांगू का, त्याच्यावर मनातून रागावू नका. मोठी मंडळी म्हणजे उथळ मंडळी, हे लहान मंडळीच्या पाळकांनी आपल्या समाधानासाठी काढलेलं तत्त्वज्ञान आहे. मी पुण्यात एका मोठ्या मंडळीत पाहुणा म्हणून गेलो होतो. उपासना झाल्यावर गायनपथकातला एक मुलगा येऊन पाया पडला. आमच्या वस्तीवरचा, चाकणच्या कंपनीत लागलेला. त्यानं अजून चौघांना हाका मारल्या. आमच्या रजिस्टरात त्या पाच जणांपुढं "गाव सोडले" असं मीच लिहिलेलं होतं. मराठवाड्यातली मंडळी पाण्यामागं आणि कामामागं सरकते. तुमच्या मित्राच्या चारशेतले काही जण बीड-लातूरकडच्या कुठल्या तरी बावीसमधून गेलेले असणार. एकदा फोन करून विचारा, निदान बोलणं तरी सुरू होईल.

बाप्तिस्म्याच्या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट संस्थेला कोणीतरी समजावली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. त्यामुळे पुष्कळ घरं प्रार्थना करतात, दान देतात, अंत्यविधीला आपल्यालाच बोलवतात, पण कागदावर येत नाहीत. हे बरोबर की चूक यावर पाळकांत मतभेद आहेत, माझंही मत वेळोवेळी बदललं. पण एका रकान्यात हे मावत नाही, एवढं नक्की.

राहावं की जावं? लूकच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाला तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोडा. माळी म्हणतो, हे वर्ष राहू द्या, मी भोवती खणीन, खत घालीन, मग फळ आलं तर ठीक, नाही तर तोडा. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला हा माळी फार आवडतो. तो "वाट बघू" म्हणत नाही, कुदळ मागतो. आणि मुदतही स्वतःच घालून घेतो. तुम्हीही एक वर्ष मागून घ्या, वहिनींच्या संमतीनं, पाडवा ते पाडवा. त्या वर्षात नेमकं काय खणणार ते लिहा. तुमच्या जागी मी असतो तर दोनच गोष्टी लिहिल्या असत्या: हंगामात टोळ्यांकडे दोन फेऱ्या, आणि गावात मागे राहतात त्या म्हाताऱ्या-पोरांसाठी रोज संध्याकाळी तासभर अभ्यास आणि प्रार्थना. आई-बाप तिकडं आणि पोरगं आज्जीकडं, अशी लेकरं तुमच्या गावात असतीलच. तुमचे ते सात-आठ बहुधा हेच असतील.

वर्ष संपल्यावर निघायचं ठरलं तरी तो विश्वासघात नव्हे. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार हा मिशनबाहेरचा बंधुसंघ सुरू केला. त्यांनी सेवा सोडली नव्हती, एक रचना सोडली होती. तुम्हीही मदत सोडून हातानं कमावत राहू शकाल का, हे तपासा. पौल तंबू शिवायचा. मी शेवटची नऊ वर्षं सकाळी गणिताच्या शिकवण्या घेतल्या, बायको शिलाई करायची. थकवा आला, ते खोटं सांगत नाही. पण अहवाल लिहिताना हात थरथरायचा थांबला.

अहवालात काय लिहू, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बावीस लिहा. खाली लिहा की अमुक इतकी कुटुंबं ऊसतोडीला अमुक तालुक्यात आहेत आणि मी त्यांना अमुक तारखेला भेटलो. बाप्तिस्म्याच्या रकान्यात शून्य असेल तर शून्य. मदत थांबण्याची भीती आहे, ती खरी आहे, मी तिला हलकं म्हणणार नाही. पण खोटा आकडा एकदा लिहिला की पुढच्या तिमाहीला त्याच्यावर चढता आकडा लिहावा लागतो, हे अनुभवानं सांगतो.

जानेवारीत जाणार असाल तर घोंगडी आणि चांगली बॅटरी घ्या, फडाच्या कडेला रात्री थंडी फार आणि साप-विंचवाची भीती. टोळीचा मुक्काम आठ-पंधरा दिवसांनी हलतो, म्हणून मुकादमाचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा. लेकरांसाठी गूळ-शेंगदाणे न्या, बिस्किटं नकोत. आणि पोचल्यावर लगेच उपदेश काढू नका, आधी एखादी मोळी बांधू लागा, जमणार नाही, सगळे हसतील.